वलय दिसलं, आता पुढे काय? मातीतल्या जिवाणूपासून उपयोगी रसायनापर्यंत

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. प्रकल्पासाठी नदीकाठच्या शेतातली माती घेतली, तिच्यातून एक स्ट्रेप्टोमायसिस (बुरशीसारखे तंतू काढणारा जिवाणू) वेगळा केला, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस या रोगजंतूच्या प्लेटवर त्याच्याभोवती चांगलं ऐसपैस स्वच्छ वलय आलं, म्हणजे तेवढ्या भागात रोगजंतू वाढलाच नाही. यातून नवीन प्रतिजैविक निघू शकेल का? आणि मातीतल्या जिवाणूपासून उपयोगी रसायन बनवण्याचं काम उद्योगात प्रत्यक्षात चालतं तरी कसं?

पहिल्या भागाचं उत्तर: बहुधा नाही. दुसरा भाग जास्त रंजक आहे आणि माझी नोकरीची बहुतेक वर्षं त्यातच गेली, म्हणून त्यावर जरा लांबण लावणार आहे.

आधी वलयाबद्दल. मातीतल्या ॲक्टिनोमायसीट (स्ट्रेप्टोमायसिस ज्यात येतो त्या गटातल्या) जिवाणूंपैकी असंख्य जिवाणू प्लेटवर वलय देतात. १९४३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या रटगर्समध्ये सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक शोधलं, तेव्हापासून जगभरच्या कंपन्यांनी हीच पद्धत वापरून माती अक्षरशः चाळून काढली. पुढची वीसेक वर्षं या पद्धतीचा सुवर्णकाळ होता. त्यानंतर तीच ती रसायनं पुन्हा पुन्हा हाती यायला लागली. या क्षेत्रातले जाणकार रिचर्ड बाल्ट्झ यांनी मांडलेला अंदाज लक्षात ठेवा: मातीतून सहज उचललेल्या ॲक्टिनोमायसीट जिवाणूंत स्ट्रेप्टोथ्रायसिन बनवणारा साधारण दहात एक, स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा शंभरात एक, तर डॅप्टोमायसिन बनवणारा कोटीत एक. तुमचं वलय पहिल्या दोनांपैकी एखाद्याचं असण्याची शक्यता किती मोठी आहे ते यावरून कळेल. स्ट्रेप्टोथ्रायसिनचं वलय तर फारच देखणं येतं, फक्त ते मूत्रपिंडाला घातक असल्यामुळे औषध म्हणून मागे पडलं.

वलयाचा दुसरा दोष असा की जे वलय देत नाही ते सगळं आपण टाकून देतो. ॲव्हरमेक्टिन या जंतनाशकाची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. जपानच्या शिझुओका प्रांतात इतो शहराजवळ कावाना इथे समुद्रकाठी एक गोल्फचं मैदान आहे. तिथल्या मातीतून किटासातो संस्थेच्या सातोशी ओमुरा यांच्या गटाने एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला आणि १९७४ मध्ये इतर पन्नासेक जिवाणूंबरोबर तो अमेरिकेत मर्क कंपनीकडे पाठवला. तिथे विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने प्लेटचा नाद केलाच नाही. आतड्यात जंत असलेल्या उंदरांच्या खाद्यात त्यांनी सरळ जिवाणूचा ब्रॉथ (तो ज्यात वाढवला ते द्रवमाध्यम) मिसळला आणि जंत जातात का ते पाहिलं. एका उंदराचे जंत गेले. या रसायनाचा जिवाणूंवर किंवा बुरशीवर म्हणावा असा काहीच परिणाम होत नाही, म्हणजे तुमच्या-माझ्या प्लेटवर हा जिवाणू नापास होऊन कचऱ्यात गेला असता. त्या रेणूत एक छोटासा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन बनलं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. १९८७ पासून आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगासाठी मर्कने ते फुकट द्यायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये ओमुरा व कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नाव परकं वाटेल, पण कपाशीवरच्या बोंडअळीसाठी, हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी किंवा मक्यावरच्या लष्करी अळीसाठी त्याने जे इमामेक्टिन बेंझोएट फवारलं ते याच ॲव्हरमेक्टिनपासून बनतं. स्पिनोसॅड या कीटकनाशकाचंही तसंच. कॅरिबियन बेटांवरच्या एका बंद पडलेल्या रमच्या भट्टीतली माती १९८२ मध्ये गोळा केली गेली, तिच्यातल्या सॅकॅरोपॉलिस्पोरा स्पिनोसा या जिवाणूचं ते रसायन. भातावरच्या करप्यासाठीचं कासुगामायसिन आणि पर्णकोष करप्यासाठीचं व्हॅलिडामायसिन हीदेखील स्ट्रेप्टोमायसिसचीच. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर मातीतले जिवाणू बाटल्यांत भरून बसलेले असतात, आणि दुकानदाराला ते बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

आता ज्या भागाबद्दल पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेद असतात आणि कारखान्यात आयुष्य जातं तो भाग. कावानाच्या मूळ जिवाणूने लिटरभर ब्रॉथमध्ये बनवलेलं ॲव्हरमेक्टिन दहा मिलिग्रॅमच्या आतबाहेर होतं. एवढ्याशा रसायनासाठी टाकी उकळणं, हवा सोडणं, द्रावक वापरणं यांतलं काहीच परवडत नाही. आज उद्योगात हाच आकडा लिटरला काही ग्रॅमवर आहे. हा जो शेकडो पटींचा फरक आहे तोच खरा धंदा. जिवाणू सापडणं ही सुरुवात असते. त्याला रोज, दर बॅचला, तितकंच रसायन द्यायला लावणं हे काम.

ते होतं कसं? एक बाजू जिवाणूची. जुन्या पद्धतीत बीजाणूंवर अतिनील किरण किंवा रसायन मारून उत्परिवर्तनं घडवायची, हजारो वसाहती तपासायच्या, जास्त देणारी निवडायची आणि तिच्यावर पुन्हा तेच करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण पेनिसिलिनपासून ॲव्हरमेक्टिनपर्यंत बहुतेक मोठे आकडे याच रटाळ कामातून आले. आता ते रसायन बनवणारा जनुकसमूहच ओळखून त्याच्या प्रती वाढवता येतात, नियंत्रक जनुक बदलता येतं, समूह उचलून दुसऱ्या, हाताळायला सवयीच्या जिवाणूत घालता येतो. तरीही औद्योगिक जिवाणूच्या अंगावर जुन्या उत्परिवर्तनांचं ओझं असतंच. त्यातली काही उत्परिवर्तनं नेमकं काय करतात हे कारखान्यात कुणालाच सांगता येत नाही, आणि कुणी त्यांना हातही लावत नाही.

दुसरी बाजू खाद्याची. इथे विद्यार्थी हमखास अडकतात. स्ट्रेप्टोमायसिस सुखात असेल तर वाढतो, रसायन बनवत नाही. भरपूर ग्लुकोज आणि भरपूर फॉस्फेट दिलं की मायसेलियम (तंतूंचं जाळं) छान दाट होतं आणि टायटर (लिटरमागे मिळणारं रसायन) शून्याच्या आसपास राहतो. फॉस्फेट कमी पडायला लागलं, साधी साखर संपत आली की त्याची दुय्यम चयापचयाची, म्हणजे वाढीला न लागणारी रसायनं बनवण्याची, यंत्रणा सुरू होते. म्हणून कारखान्यात स्टार्च किंवा डेक्स्ट्रिन, सोयाबीनची पेंड, कॉर्न स्टीप लिकर (मका भिजवलेलं घट्ट पाणी) असं सावकाश पचणारं खाद्य देतात आणि फॉस्फेटवर बारीक लक्ष ठेवतात. सोयाबीन पेंडेचा नवा लॉट आला की टायटर हलतो, हे प्रत्येक प्रॉडक्शनवाल्याला माहीत असतं. खरेदी विभागाला ते पटवून देणं हे स्वतंत्र कौशल्य आहे.

तिसरी बाजू हवेची. २८ अंशांच्या आसपास पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. दाट ब्रॉथ तो मिनिटाच्या आत संपवतो. त्यामुळे निर्जंतुक हवा सतत आत आणि ढवळणारा पंखा सतत चालू, असं आठ-आठ, दहा-दहा दिवस. स्ट्रेप्टोमायसिस तंतूंचं जाळं बनवतो, म्हणून ब्रॉथ पिठल्यासारखा घट्ट होतो आणि हवेचे बुडबुडे कडेकडेने निसटतात. जोरात ढवळलं तर तंतू तुटतात, हळू ढवळलं तर आतला भाग गुदमरतो. वर फेस येतो, तो दाबायला अँटिफोम टाकावं, तर ऑक्सिजन विरघळण्याचा वेग उतरतो. जिवाणूच्या श्वसनाची आणि पंख्याची उष्णता काढायला चिल्ड वॉटर लागतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याची खरी परीक्षा होते. वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला तर बॅच दिसायला तशीच दिसते, पण टायटरचा आलेख तिथेच आडवा पडतो. शेक फ्लास्कमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत हलवत ठेवलेल्या छोट्या चंबूत, यांतलं काहीच कळत नाही. म्हणून 'फ्लास्कमध्ये इतके मिलिग्रॅम आले' या वाक्यावर मी फार भरवसा ठेवत नाही.

कंटॅमिनेशनबद्दल थोडक्यात. बॅसिलसचा एखादा बीजाणू निर्जंतुकीकरणातून वाचला तर तो तुमच्या स्ट्रेप्टोमायसिसपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो आणि सगळं खाद्य फस्त करतो. त्याहून वाईट म्हणजे जिवाणूभक्षी विषाणू. ब्रॉथ रातोरात पातळ होतो, सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचे तुकडे दिसतात, आणि मग एक टाकी नव्हे तर पूर्ण विभाग धुऊन काढावा लागतो. शिवाय स्ट्रेप्टोमायसिस आपणहून बिघडतोही. त्याचं गुणसूत्र सरळ दोरीसारखं असतं, गोल नसतं, आणि त्याची टोकं झडत राहतात. एका स्लँटवरून (तिरप्या आगरच्या नळीवरून) दुसऱ्या स्लँटवर नेत गेलात की काही पिढ्यांनी पांढरी भुकटीदार वसाहत टकली होते आणि रसायन बनवणं सोडून देते. कारखान्यात यावर एकच उपाय चालतो: मूळ संवर्धन गोठवून किंवा लायोफिलाइज करून (गोठवून वाळवून) ठेवायचं आणि दर बॅच नव्या व्हायलपासून सुरू करायची.

ब्रॉथ तयार झाला म्हणजे माल तयार झाला, असंही नाही. स्ट्रेप्टोमायसिन पाण्यात विरघळतं, म्हणून गाळलेल्या ब्रॉथमधून ते आयन-विनिमय रेझिनवर पकडतात. ॲव्हरमेक्टिन तंतूंच्या आतच अडकलेलं असतं, म्हणून आधी मायसेलियम वेगळं करून द्रावकाने ते काढावं लागतं. त्यातही ॲव्हरमेक्टिन आठ प्रकारचं बनतं आणि हवं असतं मुख्यतः त्यातलं एक. खर्चाचा मोठा वाटा या टप्प्यात जातो. शिवाय उरलेलं मायसेलियम आणि सांडपाणी. प्रतिजैविकाचा अंश असलेलं पाणी नाल्यात गेलं तर तिथले जिवाणू प्रतिकार शिकतात. पुस्तकात ही गोष्ट तळटीपेत असेल, प्लँटमध्ये ती रोजची जबाबदारी असते.

हे सगळं महाराष्ट्रात नवीन नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सुरुवात पेनिसिलिनने झाली, म्हणजे बुरशीने. पण तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या ॲक्टिनोमायसीट जिवाणूंवर नेटाने काम केलं आणि हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक प्रतिजैविक शोधलं. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे गाव थेट जिवाणूशास्त्रात पोहोचलं. हॅमायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे त्याचा वापर मुख्यतः बाहेरून लावण्यापुरता राहिला. ऑरिओफंगिन हे पिकांच्या रोगांसाठीचं बुरशीनाशकही तिथलंच. डाळिंबाच्या बागायतदारांना जी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी माहीत आहे तीही पिंपरीची. तेल्या रोगावर ती वर्षानुवर्षं फवारली गेली. माझं मत विचाराल तर माणसाच्या क्षयरोगावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन बागेवर फवारणं कधीच शहाणपणाचं नव्हतं, पण त्या वेळी बागायतदारापुढे दुसरा स्वस्त पर्याय कुणी ठेवला नव्हता हेही खरं.

आता जरा प्रतिजैविकांच्या बाहेर पाहा, कारण मातीतल्या जिवाणूंनी टनावारी माल दिला तो तिथे. १९५० च्या दशकात जपानच्या क्योवा हाक्को कंपनीत शुकुओ किनोशिता यांच्या गटाने आज कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणून ओळखला जाणारा मातीतला जिवाणू शोधला. तो ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतलं मूळ रसायन, पेशीबाहेर सोडतो. पण केव्हा? बायोटिन कमी पडलं की. बायोटिनच्या टंचाईत पेशीच्या आवरणाची घडण बिघडते आणि आतला ग्लुटामेट बाहेर वाहायला लागतो. यातली गंमत अशी की स्वस्तातलं खाद्य म्हणून उसाची मळी वापरायची तर तिच्यात बायोटिन भरपूर. मग त्यावर युक्ती निघाली: थोडं पेनिसिलिन किंवा ट्वीन (साबणासारखं रसायन) टाकून आवरण मुद्दाम ढिलं करायचं. आज जगात ग्लुटामेट वर्षाला ३० लाख टनांच्या वर बनतं. याच जिवाणूच्या उत्परिवर्तित जातींपासून लायसिनही बनतं. मक्यात लायसिन कमी असतं, म्हणून कोंबडीखाद्यात ते घालावंच लागतं. पोल्ट्रीवाल्यांच्या पोत्यावर 'एल-लायसिन' लिहिलेलं असतं ते हेच.

दुसरं उदाहरण मला व्यक्तिशः फार आवडतं. क्योटो विद्यापीठात हिदेआकी यामादा यांच्या गटाला मातीतून ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रोस जे१ हा जिवाणू मिळाला. त्याच्यात नायट्राइल हायड्रेटेज नावाचं एंझाइम असतं. युरिया आणि कोबाल्ट घालून वाढवलं की ते इतकं बनतं की पेशीतल्या विद्राव्य प्रथिनांचा निम्म्याच्या आसपास वाटा त्याचाच होतो. या पेशी ॲक्रिलोनायट्राइलमध्ये सोडल्या की ॲक्रिलामाइड तयार, तेही कमी तापमानाला, तांब्याच्या उत्प्रेरकाशिवाय. पाणी शुद्धीकरणात वापरतात त्या पॉलिॲक्रिलामाइडचा हा कच्चा माल. १९९१ पासून जपानमध्ये जे१ उद्योगात आहे. इथे जिवाणू काही पिकवत नाही, पेशी म्हणजे फक्त एंझाइमची पिशवी. फर्मेंटेशन एकदा, आणि पुढे सगळी केमिस्ट्री. नवख्या गटाला झेपेल असा हा रस्ता आहे, आणि आपल्याकडे तो पुरेसा चोखाळलेला नाही असं मला वाटतं. डिटर्जंटमधली अल्कधर्मी प्रोटीएजही बॅसिलसची. लोणारचं पाणी इतकं अल्कधर्मी आहे की तिथले जिवाणू अशा एंझाइमांसाठी बऱ्याच प्रयोगशाळांनी तपासले आहेत.

'मग नवीन प्रतिजैविकाचा नाद सोडूनच द्यायचा का?' असं तुम्ही विचाराल. सोडू नका, पण डोळे उघडे ठेवून करा. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा पूर्ण डीएनए वाचला गेला. ८६ लाखांहून अधिक अक्षरं, ७,८२५ जनुकं, आणि त्यांत दुय्यम रसायनं बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह. त्याआधी या जिवाणूची जी रसायनं माहीत होती ती बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे तुमच्या प्लेटवरचा जिवाणू जे दाखवतो त्याहून कितीतरी जास्त तो दडवून असतो, आणि ते मूक समूह बोलके करणं हा आजचा खरा संशोधनविषय आहे. दुसरा रस्ता प्लेटवर न वाढणाऱ्या जिवाणूंचा. अमेरिकेत मेन राज्यातल्या मातीतले जिवाणू मातीतच पुरलेल्या छोट्या कप्प्यांत वाढवून २०१५ मध्ये टेइक्सोबॅक्टिन हे नवं प्रतिजैविक जाहीर झालं.

पैशाचं गणित मात्र कठीण आहे. प्लाझोमायसिन हे मायक्रोमोनोस्पोरा या मातीतल्या जिवाणूच्या सिसोमायसिनपासून बनवलेलं औषध. अमेरिकेत ते २०१८ मध्ये मंजूर झालं आणि ते बनवणारी अकाओजेन कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. नवं प्रतिजैविक डॉक्टर राखून ठेवतात, आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे ते विकलं जात नाही. आपल्याकडे वोकहार्टने नाफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणलं. त्याचा पाया एरिथ्रोमायसिन, आणि एरिथ्रोमायसिनचा जिवाणू १९४९ मध्ये फिलिपाइन्समधून एली लिलीकडे गेलेल्या मातीतला. म्हणजे जुन्या रेणूवर नवं रसायनशास्त्र. येत्या काळात असंच जास्त दिसेल असा माझा अंदाज आहे.

आता तुमच्या प्लेटकडे. वसाहत शुद्ध आहे ना, ते आधी पुन्हा तपासा. स्ट्रेप्टोमायसिसच्या तंतूंत बॅसिलस लपून राहतो आणि वलय भलत्याचंच असतं. मग तोच जिवाणू द्रवमाध्यमात वाढवून, गाळून, गाळलेल्या ब्रॉथने वलय येतं का पाहा. आगरवर देणारे बरेच जिवाणू ब्रॉथमध्ये काहीच देत नाहीत, आणि फक्त आम्लामुळे किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमुळेही वलय येऊ शकतं, म्हणून सामू उदासीन करून आणि कॅटॅलेज घालून एकदा खात्री करा. ई. कोलाय या जिवाणूवर आणि कँडिडा या बुरशीवरही चाचणी लावा. तिन्हींवर सारखंच वलय आलं तर खूश होऊ नका, बहुधा ते सगळ्याच पेशींना मारणारं विष आहे. रक्ताच्या आगरवर लाल पेशी फुटतात का, ही स्वस्त चाचणी तिथेच करून टाका. त्यानंतर १६एस आरआरएनए (जिवाणूची ओळख पटवणारं जनुक), जमलं तर पूर्ण जीनोम आणि त्यावर अँटीस्मॅश (जनुकसमूह शोधणारं सॉफ्टवेअर), आणि एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या उपकरणावर) आधीच्या ज्ञात रेणूंशी तुलना. हे शेवटचं स्वतःच्या कॉलेजात नसेल तर मोठ्या संस्थेच्या विश्लेषण विभागात शुल्क भरून करून घ्या. यात तुमचा रेणू जुनाच निघाला तरी प्रकल्प वाया जात नाही. तो जिवाणू कोणत्या खाद्यात किती देतो, फॉस्फेटला कसा प्रतिसाद देतो, हे नीट मोजलेलं काम मुलाखतीत वलयाच्या फोटोपेक्षा जास्त वजनदार ठरतं. मी मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून सांगतो.

संवर्धन २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना आजच ठेवा, निदान तीन व्हायल, आणि एक प्रत पुण्यातच एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधल्या एनसीआयएम या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहात किंवा राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करण्याची चौकशी करा. परदेशातल्या कुणी ओळखीच्या प्राध्यापकाने 'नमुना पाठव, मी बघतो' म्हटलं तर तो थेट कुरियरने पाठवू नका. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे भारतातलं जैविक साधन परदेशी व्यक्ती वा संस्थेला द्यायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि निसर्गात सापडलेल्या जिवाणूवर भारतात पेटंट मिळत नाही. त्याच्यापासून रसायन बनवण्याच्या नव्या प्रक्रियेवर मिळू शकतं, म्हणून लॅबबुकमध्ये तारीखवार नोंदी ठेवा आणि मार्गदर्शकांची सही घेत जा.